पाठीवरचा रंग

वार शनिवार, एवढं बाबांना पक्कं आठवतं,
कारण दुसऱ्या दिवशी चॅपलला जाताना
बूट अजून ओलेच होते.
पाऊस वेल्समधला, रोजचाच. ना वास, ना रंग.
मेंढ्यांनी अंग झाडलं
आणि चरत राहिल्या.

सात आठवड्यांनी सरकारी पत्र आलं:
डोंगर विकायचा नाही.
तसं लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, मेंढ्या.
आमच्याकडे त्यात फारसा फरक करत नाहीत.

ज्या गावातून ते आलं
त्याचं नाव कुणाला धड उच्चारता येईना.
आमच्या गावाचं नाव तिकडे कुणाला येणार होतं म्हणा.

आणि भीती तर आमची केव्हाचीच होती, घरची,
तळ्याकाठच्या अणुकेंद्राची.
मेरेरिद आत्या त्या तळ्यातला ट्राउट कधी शिवली नाही,
एम्रिस काकांचे कामावरचे कपडे वेगळे धुवायची.
काका तिथेच फिटर,
त्यांच्याच पगारावर छप्पर, गाडी, तिचं शिवणयंत्र.
वीस वर्षं ती खिडकीतून त्या दोन राखाडी ठोकळ्यांवर
नजर ठेवून बसली,
आणि जे यायचं ते
पाठीमागून, ढगात बसून आलं.

काका समजवायचे. अगं, ते बटाट्यात असतं,
या उंबऱ्याच्या दगडात असतं,
तुझ्या हाडांत आत्ता, या क्षणी, टिकटिकतंय.
आत्या म्हणायची, असेल.
माझ्या हाडांना मी ओळखते.

मोजणी अशी करायची:
मेंढी दोन गुडघ्यांत दाबून धरायची,
मागच्या मांडीला नळी टेकवायची,
दहा सेकंद श्वास रोखायचा.
श्वास रोखायची गरज नसते. सगळेच रोखतात.
आकडा वर गेला तर पाठीवर रंग.
पहिल्या वर्षी जर्दाळू, मग हिरवा, मग निळा.
लांबून डोंगर जत्रेसारखा दिसायचा.
मोटारी थांबवून लोक फोटो काढायचे
आणि काचा वर करूनच पुढे जायचे.

रंगवलेल्या मेंढ्या खाली दरीत न्यायच्या,
तिथल्या गवतावर काही आठवड्यांत अंगातलं उतरतं.
उतरलं, हे यंत्र सांगायचं.
बाजारातला खाटीक मात्र लोकर बाजूला सारून
कातडीवर रंगाचा डाग उरलाय का, ते बघायचा.

बाबा सभेत उभे राहिले. टोपी हातात.
म्हणाले, माझं मटण मी खातो.
पेपरवाल्यांसमोर खाल्लं, हाडं चोखून.
घरी रोज खायचे.
माझ्या ताटात मात्र त्या वर्षापासून
गावातल्या दुकानातली कोंबडी.
मी नऊ वर्षांची. कुणी काही बोललं नाही,
मीही विचारलं नाही.

पुढे शिकले, आणि तीच नळी घेऊन
याच डोंगरांवर नोकरीला आले.
एका रात्री बसून हिशेब केला:
त्या वर्षी मी घरचं दहा किलो मटण खाल्लं असतं,
सगळं अगदी मर्यादेवरचं,
तरी जेमतेम न्यूयॉर्कच्या एका विमानफेरीएवढं.
कागद बाबांना दाखवायला घडी करून ठेवला.
अजून पाकिटात आहे, घडीवर फाटलाय.

सव्वीस वर्षांनी बंदी उठायची म्हणून
शेवटची फेरी आमच्याच गोठणीवर.
बाबांचे गुडघे आता मेंढी धरण्याचे नाहीत,
पण त्यांनीच धरली.
दहा सेकंद.
आकडा इतका खाली की मी यंत्र हलवून पाहिलं.

"मग?"
काही नाही, म्हटलं. स्वच्छ आहे.
"तू खाशील?"
आजच रात्री.
त्यांनी मेंढी सोडली. ती दोन पावलं गेली
आणि चरू लागली, जणू मधे काही झालंच नाही.
हातांवरची लोकर पँटला पुसत,
माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं,
"एलिवला देशील?"

यंत्राचं बटण डाव्या बाजूला असतं.
इतकी वर्षं वापरतेय,
ते सापडायला मला जरा वेळ लागला.